‘हायवे टच’ : महामार्गालगतच्या निवासी भूखंडांच्या जाहिरातींची भाषा (विशेष संदर्भ : वारंगा फाटा, जि. हिंगोली)

प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाटा हे ठिकाण गाव म्हणून जितके परिचित आहे, त्याहून अधिक ते रस्त्यांचे मीलनस्थान म्हणून परिचित आहे. अकोल्याहून वाशिम, हिंगोली, कळमनुरी मार्गे नांदेडकडे व पुढे तेलंगणातील संगारेड्डीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ आणि वर्धा, यवतमाळ, उमरखेडकडून येऊन नांदेड, लातूर, तुळजापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ हे दोन मार्ग येथे एकत्र येतात. या मार्गांच्या चौपदरीकरणाचे टप्पेदेखील ‘पांगरे ते वारंगा फाटा’, ‘वारंगा ते महागाव’ अशा नावांनी ओळखले गेले. म्हणजे शासकीय कागदपत्रांतही हे स्थळ प्रामुख्याने रस्त्याचे टोक म्हणूनच अवतरते. प्रवाशांना ते येथील खिचडीमुळे ठाऊक असते. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतरच्या पाव शतकात जिल्ह्यातील अशा फाट्यांचे स्वरूप झपाट्याने बदलले. मूळ गाव आत राहिले आणि बाजारपेठ, दवाखाने, शिकवण्या, बँका व त्यांच्या मागोमाग निवासी भूखंड रस्त्यावर आले.

निवासी मालमत्ता खरेदीदार, भाडेकरू व गुंतवणूकदार यांना आकर्षक कशी वाटेल, हा प्रश्न व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमात विपणनाचा प्रश्न म्हणून शिकविला जातो. तेथील उदाहरणे महानगरांतील असतात. नमुना सदनिका सजविणे, रंगसंगती, प्रकाशयोजना, छायाचित्रण इत्यादी बाबींचा त्यात विचार होतो. तथापि मराठवाड्यातील फाट्यावर विकायला बहुधा घरच नसते. असतो तो चुन्याने आखलेला जमिनीचा तुकडा. त्यामुळे आकर्षण निर्माण करण्याचे सर्व ओझे भाषेवर येऊन पडते. रस्त्याकडेचे फलक, आठवडी बाजारात वाटली जाणारी पत्रके, वृत्तपत्रांतील छोट्या जाहिराती आणि अलीकडे भ्रमणध्वनीवरून फिरणारे संदेश यांतून ही भाषा घडलेली आहे. ती आता एक स्थिर वाङ्मयप्रकार बनली असून तिचे संकेत, अलंकार व मौनाच्या जागाही ठरलेल्या आहेत. प्रस्तुत लेखात कोणा एका विकसकाच्या जाहिरातीची तपासणी केलेली नाही. मराठवाड्यातील महामार्गालगत सर्रास आढळणाऱ्या या प्रकाराची चिकित्सा वारंगा फाट्यासारख्या स्थळाच्या संदर्भात केली आहे. ही भाषा कोणाशी बोलते, कोणाशी बोलत नाही आणि जो ती ऐकून आयुष्याची पुंजी लावतो त्याला ती नेमके काय देते, हे प्रश्न मराठी समीक्षेने जवळजवळ हाताळलेलेच नाहीत.

काळी आणि पांढरी

मराठी ग्रामव्यवस्थेत जमिनीची विभागणी ‘काळी’ व ‘पांढरी’ अशी होती. पिकाची जमीन ती काळी, वस्तीची ती पांढरी. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथामुळे ही परिभाषा अभ्यासकांना सुपरिचित झाली. ही विभागणी केवळ महसुली नव्हती. काळीत पेरावे आणि पांढरीत राहावे यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा मातीचा अनुभव होता. काळी कसदार माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. पिकाला उपकारक ठरणारा हाच गुण भिंतीला घातक ठरतो. पांढरी मात्र जुन्या वस्तीची, शतकानुशतके दबलेली माती असते.

अकृषिक परवाना, म्हणजेच जाहिरातीतील ‘एन.ए.’, ही काळीची पांढरी करण्याची कायदेशीर क्रिया होय. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ४४ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने ती होत असे. पुढे कलम ४२ मध्ये उपकलमांची भर पडून, विकास योजना वा प्रादेशिक योजना लागू असलेल्या क्षेत्रांत ही प्रक्रिया टप्प्याटप्प्याने सैल झाली. परंतु कागदावर पांढरी झालेली जमीन मातीच्या दृष्टीने काळीच राहते, आणि जाहिरातीत नेमकी हीच गोष्ट कधीही येत नाही. भूखंडाचे वर्णन करताना ‘सपाट’, ‘चौकोनी’, ‘पूर्वमुखी’ ही विशेषणे वापरली जातात. पायाखालची माती कोणती, मुरूम किती फुटांवर लागतो, याचा उल्लेख शोधूनही सापडत नाही. वस्तुतः काळ्या मातीत घर बांधणाऱ्याचा पहिला मोठा खर्च तोच असतो. माती उकरून मुरूम भरणे, जोत्याला सलग तुळई घालणे, किंवा रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केलेले, तळाशी कंद असलेले खुंट वापरणे, हे सर्व उपाय खर्चिक आहेत. स्वस्त भूखंड व महाग पाया अशी ही बेरीज असून पत्रकात तिचा पूर्वार्धच छापलेला असतो.

‘टच’ या शब्दाची किंमत

या वाङ्मयप्रकारातील सर्वांत महाग शब्द ‘टच’ हा होय. ‘हायवे टच’, ‘रोड टच’, ‘कॉर्नर टच’ अशी त्याची रूपे आढळतात. इंग्रजी ‘टच’ मराठीत येताना क्रियापदाचा नामविशेषण झाला आणि त्याच्याबरोबर जमिनीचा भावही बदलला. ‘रस्त्यालगतचा’ हा जुना मराठी शब्द वस्तुस्थिती सांगतो; ‘टच’ मात्र एक सुख सांगतो. स्पर्श झाला की संपत्ती झाली, असा परीसकल्पनेशी नाते सांगणारा भाव त्यात आहे.

हे सुख मोजून पाहणे उपयुक्त ठरेल. खुल्या सपाट प्रदेशातील राष्ट्रीय महामार्गासाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार दोन्ही बाजूंच्या इमारत रेषांमध्ये ८० मीटर, तर नियंत्रण रेषांमध्ये १५० मीटर अंतर अपेक्षित आहे. म्हणजे मध्यरेषेपासून ४० मीटरपर्यंत बांधकाम नको आणि ७५ मीटरपर्यंतच्या बांधकामावर नियंत्रण हवे. नागरी वस्तीत ही अंतरे कमी होतात, हे खरे. तरीही समजा, महामार्गाची ताब्यातील रुंदी ६० मीटर आहे. तिची हद्द मध्यरेषेपासून ३० मीटरवर संपते. त्यापलीकडचे १० मीटर, म्हणजे सुमारे ३३ फूट, खरेदीदाराच्या मालकीचे असूनही बांधकामास बंद राहतात. मराठवाड्यात रूढ असलेला ३० बाय ५० फुटांचा भूखंड ५० फुटांची बाजू आत ठेवून महामार्गाला खरोखरच ‘टच’ असेल, तर त्यात घरासाठी १७ फूट उरतील. ज्या पट्टीसाठी खरेदीदार सर्वाधिक दर मोजतो, तिच्यावर त्याला उंबरा ठेवता येत नाही.

शिवाय चौपदरी, दुभाजक असलेल्या महामार्गाला स्पर्श म्हणजे प्रवेश नव्हे. नव्या वसाहतीचा रस्ता महामार्गाला जोडण्यासाठी महामार्ग प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि समोरच्या बाजूला जायचे तर पुढील भुयारी मार्गापर्यंत वा वळणापर्यंत जावे लागते. दुपदरी रस्त्याच्या काळात जे दुकान समोर होते ते चौपदरीकरणानंतर समोर असूनही दूर झाले, हा अनुभव अशा प्रत्येक फाट्याला नवीन नाही. जाहिरातीतील रस्ता मात्र अजूनही बैलगाडीच्या वाटेसारखा कोठूनही ओलांडता येतो.

‘टच’च्या जोडीला येते ते मिनिटांचे व्याकरण. ‘बसस्थानक अवघ्या ५ मिनिटांवर’, ‘शाळा २ मिनिटांवर’ अशा वाक्यांत कर्ता नसतो. कोणाच्या पायांनी, कोणत्या वाहनाने, कोणत्या वेळी, हे सांगितलेले नसते. अंतर किलोमीटरमध्ये सांगितल्यास ते तपासता येते. मिनिटांत सांगितल्यास तपासणीची जबाबदारी ऐकणाऱ्याच्या वेगावर जाते. लक्षणीय बाब अशी की या वाक्यांतून भूखंडाचे वर्णन होतच नाही. तो कशापासून किती दूर आहे एवढेच कळते. सर्व आकर्षणे अन्यत्र असतात आणि भूखंड त्यांच्यामधील एक कोरी जागा असते.

‘प्रस्तावित’ हा शब्द याच कुळातील आहे. हिंगोली जिल्ह्यापुरते बोलायचे तर अशा प्रस्तावांची वाण नाही. औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा परिसरात उभारावयाच्या ‘लायगो–इंडिया’ या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. वसमत येथे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर झाले, आणि वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या मूळ आखणीतील १२ जिल्ह्यांत हिंगोलीचा समावेश होता. असा प्रत्येक प्रस्ताव जमिनीच्या बाजारात लगेच चलनात येतो. पण त्यांची भाषांतरे पाहण्यासारखी असतात. गुरुत्वीय लहरींची वेधशाळा जेथे उभारायची तेथे जमिनीची हालचाल, रहदारी व गोंगाट कमीत कमी हवा. म्हणजे शांततेसाठी निवडलेली जागा वर्दळीचे आश्वासन म्हणून विकली जाऊ शकते. शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनाविरुद्ध २०२४ मध्ये अनेक जिल्ह्यांतील शेतकरी रस्त्यावर उतरले. ज्या रेषेमुळे एकाची शेती जाते, तीच रेषा दुसऱ्याच्या पत्रकात ‘सुवर्णसंधी’ होते. जाहिरातीच्या भाषेत या दोघांची कधी गाठ पडत नाही.

कायद्याचे विशेषण

भूखंडाच्या जाहिरातीत कायदा आश्वासन म्हणून नव्हे तर अलंकार म्हणून येतो. ‘एन.ए. ४४’, ‘टी.पी. मंजूर’, ‘स्वतंत्र सातबारा’, ‘रेरा मंजूर’, ‘बँक लोन उपलब्ध’ ही विशेषणे ‘निसर्गरम्य’ व ‘वास्तुशास्त्रानुसार’ यांच्याच ओळीत, त्याच टंकात छापली जातात. त्यामुळे तपासता येणारे विधान व न येणारे विधान यांतील भेद पुसला जातो. वाचकाला दोन्ही सारखीच गोड वाटतात आणि दोन्ही सारखीच विसरली जातात.

या विशेषणांचे उलट वाचन मात्र बोलके आहे. ‘स्वतंत्र सातबारा’ हे आकर्षण म्हणून सांगावे लागते, कारण तो नसणे ही नित्याची बाब आहे. महाराष्ट्रात धारण जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९४७ पासून आहे. २०२३ मध्ये त्याखालील प्रमाणभूत क्षेत्र बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायत जमिनीत २० गुंठे व बागायत जमिनीत १० गुंठे असे निश्चित झाले. तरीही शेतजमिनीचे एक-दोन गुंठे विकले जातात, आणि अनेक खरेदीदारांची नावे एकाच सातबाऱ्यावर सामाईक क्षेत्र म्हणून चढतात. अशा दस्तांची नोंदणी रोखण्यासाठी १२ जुलै २०२१ रोजी नोंदणी महानिरीक्षकांनी परिपत्रक काढले. ते मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ५ मे २०२२ रोजी रद्द ठरविले. २०२५ मध्ये काही क्षेत्रांतील जुने तुकडे नियमित करण्याची वाट शासनाने मोकळी केली. या चढउतारांत सामान्य खरेदीदाराच्या हाती एकच धडा लागतो : आज नियमाबाहेर आहे ते उद्या नियमात येते. जाहिरातदाराच्या तोंडी ‘पुढे होऊन जाईल’ हे वाक्य येते ते या अनुभवाच्या बळावर. ते छापलेले कोठेच नसते. पण सर्व छापील मजकुरापेक्षा त्यावर अधिक विश्वास ठेवला जातो.

‘रेरा मंजूर’ या शब्दप्रयोगाची गोष्ट वेगळी आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ अन्वये प्राधिकरण प्रकल्पाची नोंदणी करते, प्रकल्पाला गुणवत्तेचे प्रमाणपत्र देत नाही. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील वा ८ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पांना, तसेच नियोजन क्षेत्राबाहेरील प्रकल्पांना नोंदणीची सर्वसाधारण सक्ती नाही. कायद्याच्या कलम १२ मध्ये मात्र मराठी समीक्षकाने दखल घ्यावी अशी तरतूद आहे. जाहिरातीतील वा माहितीपुस्तिकेतील खोट्या विधानावर विसंबून आगाऊ रक्कम देणाऱ्यास नुकसानभरपाई, आणि व्यवहारातून बाहेर पडायचे असल्यास व्याजासह परतफेड मिळू शकते. म्हणजे कायद्याने जाहिरातीला प्रथमच शब्दशः वाचले. महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत प्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड सक्तीचा केला, तोही याच दिशेने. तथापि फाट्यावरच्या छोट्या आखणीला, तोंडी आश्वासनाला आणि नियोजन क्षेत्राबाहेरच्या जमिनीला ही वाचनशिस्त पोहोचत नाही. जेथे शब्दांची तपासणी सर्वाधिक हवी तेथेच ती सर्वांत विरळ आहे.

अशीच आणखी एक रूपांतरक्रिया खुल्या जागेच्या बाबतीत घडते. सुमारे एक एकर व त्याहून मोठ्या आखणीत १० टक्के जागा मनोरंजनासाठी खुली ठेवणे हे विकास नियंत्रण नियमांनुसार बंधन आहे. एका एकराचे ४० गुंठे, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. १५०० चौरस फुटांच्या भूखंडांनी भागल्यास २९ भूखंड दिसतात. रस्ते व खुली जागा वजा जाता त्यांतील बरेच गळतात. विकसकाला ही वजावट सोसवत नाही, म्हणून जाहिरातीत तिचे देणगीत रूपांतर होते : ‘भव्य गार्डन’, ‘प्रशस्त रस्ते’, ‘मंदिरासाठी राखीव जागा’. नियमाने द्यावयाची जागा कृपा म्हणून दिली जाते आणि पुढे बहुधा त्या बागेच्या जागेत बाग सोडून अन्य काही उगवते.

घराविषयीची कविता व घर नसलेली जागा

मराठी मध्यमवर्गाच्या मनात घराविषयीची जी भावना आहे तिचा या जाहिराती मुक्तहस्ताने वापर करतात. विमल लिमये यांची घराविषयीची प्रसिद्ध कविता नुसत्या भिंतींना घर मानायला नकार देते. तिचा आधार घेऊन भिंती विकल्या जातात, हा विनोद जुनाच आहे. भूखंडाच्या बाबतीत तर भिंतीही नसतात. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) मध्ये घराची किंमत कुटुंब मोडताना कळते. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) या चित्रपटात जमीन विकलेल्या बापाच्या मुलाची परवड आहे. विकणाऱ्याच्या बाजूने मराठी कलाकृती बोलल्या आहेत. विकत घेणाऱ्याच्या बाजूने, आणि तोही फाट्यावर १५०० चौरस फूट घेणारा शिक्षक, वाहनचालक वा ऊसतोडीतून पैसे साठविलेला मजूर असेल तर त्याच्या बाजूने, फारसे काही लिहिले गेलेले नाही. त्याच्याविषयीचा एकमेव मजकूर म्हणजे त्याला उद्देशून लिहिलेली जाहिरात.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो रास्त आहे. खरेदीदार इतका भोळा नसतो. जाहिरातीतील ‘गार्डन’वर त्याचा विश्वास नसतोच, त्याला ठाऊक असते की निवृत्तिवेतन नसलेल्या घरात भूखंड हीच निवृत्तिवेतनाची सोय आहे. सोने चोरीस जाते, पतसंस्था बुडते, पीक हातचे जाते. जमीन जागच्या जागी राहते. या दृष्टीने पाहता तो ‘निसर्गरम्य’ वगैरे शब्दांकडे लग्नपत्रिकेतील विशेषणांप्रमाणे पाहतो. एवढे मान्य केले तरी प्रश्न शिल्लक राहतो. जाहिरात एकाच दमात दोघांशी बोलते : ज्याला राहायचे आहे त्याच्याशी, आणि ज्याला थांबून विकायचे आहे त्याच्याशी. शब्द राहणाऱ्याचे असतात. ‘घरकुल’, ‘स्वप्न’, ‘शेजार’. युक्तिवाद मात्र गुंतवणूकदाराचा असतो. ‘दर वाढण्यापूर्वी’, ‘दामदुप्पट’, ‘मोजकेच भूखंड शिल्लक’. या दोघांचे हित परस्परविरोधी आहे. गुंतवणूकदाराचे भूखंड रिकामे राहतात, आणि रिकाम्या भूखंडांमध्ये एकटे घर बांधणाऱ्याला रस्त्याचा दिवा मिळत नाही, नाली मिळत नाही, रात्री सोबत मिळत नाही. पहिल्या खरेदीदाराला आकर्षक वाटावी म्हणून जी वसाहत गुंतवणूकदाराला विकली गेली, ती त्याच कारणाने राहण्यास अनाकर्षक होते. एकाच पत्रकात दोघांना बोलाविणारी भाषा हा विरोध झाकून ठेवते, आणि हाच तिचा मुख्य दोष मानावा लागेल. ‘टच’ वा ‘गार्डन’ यांसारखी अतिशयोक्ती त्यापुढे किरकोळ होय.

भाडेकरू

तिसरा घटक भाडेकरू. या सर्व मजकुरात तो नाही. फाट्यावर भाड्याने राहणाऱ्यांत शिक्षक, बँकेतील व आरोग्य केंद्रातील कर्मचारी, महामार्गाच्या कामावरील पर्यवेक्षक आणि शिकण्यासाठी खेड्यातून आलेली मुले असतात. त्यांच्यासाठी जाहिरात म्हणजे दारावर खडूने लिहिलेले ‘खोली भाड्याने देणे आहे’ एवढे वाक्य. त्यापुढची सर्व माहिती तोंडी असते आणि ती अचूक असते : पाणी एक दिवसाआड येते, विजेचे मीटर वेगळे आहे, संडास सामाईक आहे, गाडी अंगणात लावता येते. अलंकार नाही, भविष्यकाळ नाही. भाडेकरू महिन्याने सोडून जाऊ शकतो, म्हणून त्याच्याशी खोटे बोलण्यात लाभ नाही. भूखंडाचा खरेदीदार मात्र दस्त झाल्यावर परतू शकत नाही. भाषेतील हा फरक नीतिमत्तेचा नसून व्यवहाराच्या रचनेचा आहे.

भाडेकरूच्या संदर्भात शासनाचीही भाषा विचारात घ्यावी लागते. ग्रामीण भागातील शिक्षक व कर्मचारी मुख्यालयी राहतात याचा पुरावा म्हणून ग्रामसभेचा ठराव सादर करण्याची अट २०१९ मध्ये ग्रामविकास विभागाने घातली. घरभाडे भत्ता तिच्याशी जोडला गेला. शासन अट घालते ती निवासाची, पण गावात राहण्याजोगे भाड्याचे घर आहे की नाही हा प्रश्न ठरावाच्या नमुन्यात नाही. परिणामी अनेकांचे निवासस्थान कागदावर गावात आणि प्रत्यक्षात नांदेड वा हिंगोलीत राहते. दोन चांगल्या खोल्या, बंद संडास, पुरेसे पाणी आणि दुपारी तापणार नाही असे छत एवढे उपलब्ध झाल्यास फाट्यावर राहणारे निघतील. तेवढ्याचे बांधकाम करणारा मालक गुंतवणूकदार म्हणूनही तोट्यात जाईल असे दिसत नाही. परंतु भाड्याचे उत्पन्न हे विक्रीच्या जाहिरातीतील दुर्मीळ विधान आहे; कारण भाडे आज मोजता येते, भाववाढ मोजता येत नाही.

जाता जाता वास्तुशास्त्राविषयी एक निरीक्षण नोंदविता येईल. पूर्वमुखी भूखंडासाठी अधिक दर आकारला जातो. पूर्वमुखी घराची मागील बाजू पश्चिमेस येते; मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारनंतरचे ऊन त्याच भिंतीवर पडते आणि सामान्यतः निजण्याच्या खोल्या मागेच असतात. पश्चिमेला ओसरी, झाड वा जाड भिंत सुचविणारे पत्रक आढळत नाही. दिशा विकली जाते, सावली विकली जात नाही.

जे नकाशात नसते

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली, नांदेड, परभणी या जिल्ह्यांत भूकंपाचे धक्के जाणवले. पहिला ४.५ आणि काही मिनिटांनी दुसरा ३.६ तीव्रतेचा होता, आणि त्यांचे केंद्र कळमनुरी तालुक्यात, आखाडा बाळापूरच्या परिसरात होते. १० जुलै २०२४ रोजी सकाळी पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. केंद्र पुन्हा कळमनुरी तालुक्यातच. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे येथील लोक तर कित्येक वर्षांपासून जमिनीखालून येणारे आवाज ऐकत आले आहेत. आखाडा बाळापूर हे वारंगा फाट्याच्या वरचे, त्याच महामार्गावरील गाव आहे. मार्चमधील धक्क्यांनंतर नांदेडच्या प्रशासनाने केलेले आवाहन लक्षात राहण्यासारखे होते : पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून छपरावर ठेवलेले दगड काढून घ्यावेत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जो भूकंप झाला तो अशा प्रदेशात झाला, जो तत्कालीन नकाशात सर्वांत कमी धोक्याचा मानला जात होता. माणसे मेली ती दगड-मातीच्या जाड, सांधा नसलेल्या भिंतींखाली आणि मातीच्या जड माळवदाखाली. त्यानंतर ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी वसविण्यात आली. त्या पुनर्वसनाच्या अभ्यासकांनी एक गोष्ट वारंवार नोंदविली. घरे मजबूत झाली, पण रुंद सरळ रस्त्यांच्या, शहरी आखणीच्या नव्या गावांत लोकांना गल्ली, अंगण व भावकीचा शेजार सापडेना. सुरक्षितता आणि राहण्याजोगेपणा या दोन्ही बाबी एकत्र सांभाळण्याचा मराठवाड्याचा सर्वांत मोठा अनुभव तो आहे. फाट्यावरच्या आजच्या आखण्या त्या नव्या गावांसारख्याच दिसतात. सरळ रस्ते, समान चौकोन. मात्र किल्लारीने शिकविलेला दुसरा भाग, म्हणजे जोते, दरवाजा-खिडक्यांवरची पातळी व छत या तिन्ही ठिकाणी भिंतीभोवती सलग बांधलेला सळयांचा पट्टा, त्यांच्या पत्रकांत नाही. भारतीय मानकांत त्याची तरतूद अनेक वर्षांपासून आहे. एक मजली साध्या घरात त्याला लागणारे लोखंड व सिमेंट घराच्या एकूण खर्चाच्या मानाने थोडे असते. प्रवेशद्वाराच्या कमानीवर विकसक करतो तो खर्च याहून बहुधा अधिक असावा.

भूखंडाच्या नकाशात सामान्यतः उत्तरेचा बाण, महामार्गाची जाड रेषा, मंदिर, नियोजित बाग आणि क्रमांक घातलेले चौकोन असतात. विकलेल्या चौकोनांवर लाल खूण असते. त्यात उतार दाखविलेला नसतो, पावसाचे पाणी कोणत्या बाजूने येते ते नसते, बुजविलेला ओढा नसतो, मुरमाची खोली नसते, इमारत रेषा नसते. गुंतवणूकदाराला यांतील काहीही लागत नाही. त्याच्या भूखंडावर छत नाही, म्हणून छपरावर दगडही नाहीत. धक्का बसला तर त्याच्या चौकोनातील चुन्याची रेघ हलत नाही. ज्या कुटुंबाने त्याच आखणीत कर्ज काढून दोन खोल्या उभ्या केल्या आहेत, त्याने मात्र त्या मार्चच्या सकाळी बाहेर येऊन पाहिले असेल तेव्हा आजूबाजूला बहुतेक रिकामेच भूखंड होते.